कठड्याचे गुडघे

तरणतलावावर येणाऱ्या बायकांपैकी एकीलाही मावशीचं खरं नाव ठाऊक नव्हतं, आणि मावशीलाही त्यांच्यापैकी एकीचंही ठाऊक नव्हतं. म्हणून कुणाचं काही अडलं नव्हतं. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी एक उंच स्टूल, स्टुलामागं किल्ल्यांचं कपाट आणि स्टुलावर निळ्या कोटातली मावशी. लॉकरची किल्ली द्यायची, परत घ्यायची. मधल्या वेळात तलावाच्या पायऱ्यांपासून दारापर्यंतची ओली फरशी वायपरनं ओढायची, मोरीच्या जाळीतले केस काढायचे, कुणाचं कानातलं पडलं तर उकिडवं बसून त्याच जाळीत हात घालायचा. अर्धं आयुष्य असं ओल्या फरशीवर गेलं होतं.

नावं मावशीनं स्वतःच ठेवली होती, आणि तीही अंगाकडं बघून. एक उंच, काटकुळी, लांब तंगड्यांची निवृत्त शिक्षिका होती, ती बगळी. बँकेतली एक बाई वर निमुळती आणि खाली भरगच्च, ती तंबोरा. पाठीत वाकलेली एक म्हातारी, ती वेलांटी. आणि नुकतंच लग्न झालेली एक पोरगी गळ्यापासून घोट्यापर्यंत टॉवेल लपेटून यायची आणि पाण्याच्या काठापर्यंत तो सोडायची नाही, ती गुंडाळी. ही नावं आपल्या मनातच आहेत असं मावशी समजायची. पण मावशीचं मन आणि तोंड ह्यांच्यामध्ये दार नव्हतं. नुसता पडदा होता, तोही विरलेला.

कुणी नवीन बाई लाजायला लागली की मावशीचं बोलणं ठरलेलं असायचं.

"कोण बघतंय तुला? इथं प्रत्येकीला आपलंच झाकायची घाई. हो पुढं."

बाई पुढं व्हायची. मावशी मात्र ह्या सगळ्या वर्षांत घोट्याच्या वर कधी भिजली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, मला ते पाण्यातलं औषध सोसत नाही, नाक चुरचुरतं. खरं कारण नाकात नव्हतं. जिनं अख्ख्या तलावाची अंगं नजरेनं मापली आणि त्यांना नावं ठेवली, तिला पक्कं माहीत होतं की नजर काय असते आणि जीभ काय असते. तीन बाळंतपणांनी ओघळलेलं पोट, मांड्यांवर पांढऱ्या रेघा, दंडाला लोंबणारं मांस. हे सगळं घेऊन आपण काठावर उभ्या राहिलो तर आपलं नाव काय पडेल, ह्याची यादी तिनं स्वतःच करून ठेवली होती, आणि त्या यादीत एकही नाव चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं. घरी ती अंघोळ अर्ध्या उजेडात उरकायची. आरसा असा टांगला होता की गळ्याखालचं काही दिसू नये. खिळा तिनंच ठोकला होता.

अंगाशी तिचं नातं मुकादमाचं हमालाशी असतं तसं होतं. कामाला जुंपायचं, कुरकुरलं की शिव्या द्यायच्या. गुडघे दुखायला लागले तेव्हाही तिनं तेच केलं. डाव्या गुडघ्याला ती थोरला म्हणायची आणि उजव्याला धाकटा. "थोरल्या, काल तर बरा होतास, आज काय धाड भरली?" असं म्हणत जिना चढायची. शेजारणीनं तेल दिलं, भावजयीनं पट्टा दिला, नवऱ्यानं कुठूनसं तांब्याचं कडं आणलं. थोरल्यानं कुणाचंच ऐकलं नाही. हळूहळू धाकटाही त्याच्या नादी लागला. जाळीपाशी उकिडवं बसलं की उठायला भिंत लागायची. एके दिवशी मॅनेजरनं ते बघितलं.

"मावशी, झेपत नसेल तर सांगा. घरी आराम करा. दुसरी बाई बघू."

आराम हा शब्द त्यानं प्रेमानंच वापरला होता. पण मावशीनं त्यातलं 'घरी' तेवढं ऐकलं. घरी म्हणजे खिडकीतली खुर्ची. घरी म्हणजे सुनेच्या पायांत येणं. तलाव गेला तर आपण नक्की कोण? दुसऱ्याच दिवशी ती गुडघ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन बसली.

डॉक्टरीण तिच्या लेकीच्या वयाची. तिनं गुडघे दाबले, वळवले, एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. आणि मग गुडघे सोडून भलतंच विचारायला लागली.

"झोप लागते का?"

"लागते की. उठायची वेळ झाली की लागते."

"जेवता कधी?"

"सवड मिळेल तेव्हा. उभ्यानं."

"उभ्यानं का?"

"बसलं की उठावं लागतं ना."

"आणि स्वतःच्या जिवाला बरं वाटावं म्हणून शेवटचं काय केलंत?"

मावशीचा पारा चढला. "बाई, मी गुडघे दाखवायला आलेय. संसार दाखवायला नाही."

डॉक्टरीण हसली. "गुडघा काय वेगळी खोली करून राहतो का मावशी? भरल्या घरात राहतो तो. घरात झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही, दिवसभर बोलणी खायची, वर सगळा भार त्याच्यावर. मग तो रुसणार नाही तर काय करणार?" मग ती कामाचं बोलली. हाड अजून बरं आहे, मांड्यांतला जोर गेलाय. छातीभर पाण्यात चालायचं. पोहता यायला हवं असं काही नाही. पाण्यात भार हलका होतो, गुडघ्याला न दुखवता जोर येतो. बसून जेवायचं, वेळेवर झोपायचं. काही महिन्यांनी परत बघू. फरक नाही पडला तर ऑपरेशनचं बोलू.

"तुमच्या आसपास एखादा तरणतलाव आहे का?"

मावशीनं छताकडं बघितलं. "आहे म्हणतात एक," ती म्हणाली.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो रंगारी, बोटं कायम कुठल्या तरी रंगाची. "अगं, उभा जन्म पाण्याकाठी काढलास आणि कोरडी राहिलीस. कमाल आहे."

"तुम्ही भिंती रंगवता, म्हणून तोंडाला रंग फासून फिरता का?" मावशी म्हणाली. पण रात्रभर तळमळली, आणि सकाळपर्यंत तिचं ठरलं होतं. उतरायचं, पण कुणाच्या नजरेला पडायचं नाही.

पुरुषांची वेळ संपली की बायकांची सुरू होईपर्यंत तलाव बंद असायचा. पहाऱ्यावरची मुलगी तेवढ्यात डबा खायला जायची. पहाऱ्यावर कुणी नसताना पाण्यात पाय घालायचा नाही, असं भिंतीवर लिहिलं होतं, आणि त्यावरून मावशीनं कित्येकींना फैलावर घेतलं होतं. आज तिनं त्या पाटीकडं पाठ केली. विसरलेल्या वस्तूंच्या टोपलीत उपसाउपशी करून सगळ्यात मोठा कॉस्च्युम काढला. पोपटी, त्यावर केशरी फुलं. तो अंगावर चढवताना घाम फुटला. आणि मग, कुणी आलंच तर असावा म्हणून, वरून निळा कोट घातला आणि सगळी बटणं लावली.

उथळ बाजूच्या कोपऱ्यात पायऱ्या आणि स्टीलचा कठडा होता. मावशीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि उलटी होऊन एकेक पायरी उतरू लागली. पाणी मांड्यांना लागलं तेव्हा अंगावर काटा आला. कमरेला लागलं तेव्हा कोट फुगला. पुढून दाबला की मागून वर, मागून दाबला की पुढून. एवढी मोठी बाई छत्रीच्या मधोमध उभी असल्यासारखी दिसायला लागली. तेवढ्यात कोटाच्या खिशातून किल्ल्यांच्या कपाटाचा जुडगा निसटला आणि गटकन तळाला गेला.

मावशीनं पायाच्या अंगठ्यानं तो चाचपायला डावा पाय लांब केला. आणि थोरला अडकला. पुढं जाईना, मागं येईना. हात कठड्यावरून काढायचा धीर होईना.

"अरे थोरल्या," मावशी कळवळून म्हणाली, "आज नको रे. हवं तर उद्या छळ."

बायका त्या दिवशी लवकर आल्या की मावशीलाच वेळेचं भान राहिलं नव्हतं, कोण जाणे. कपडे बदलून झाले तरी स्टूल रिकामं, कपाटाला कुलूप, हाका मारून उत्तर नाही, म्हणून बगळी शोधत काठावर आली. क्षणभर तिला कळेचना हे निळं काय तरंगतंय. मग ती ओरडली,

"अगं बाई! तंबोरे, पळ लवकर! आपला कठडा कठड्याला लटकलाय!"

आणि बँकेतली बाई त्या नावाला ओ देऊन खरंच पळत आली. मागून वेलांटी, मागून गुंडाळी टॉवेलासकट. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाण्यात सापडलो ते एक, आणि ही नावं ह्यांना ठाऊक आहेत ते दुसरं. ह्यातलं अधिक वाईट कुठलं, ते तिला ठरवता येईना.

पहाऱ्यावरची मुलगी तोंडातला घास चघळतच धावत आली. "मावशी! तुम्हीच? तुम्हीच मला पाटी वाचून दाखवता ना!"

"नंतर ओरड," मावशी म्हणाली. "आधी माझा पाय सोडव."

बगळीनं सरळ बुडी मारली, लांब तंगड्या हवेत, आणि जुडगा घेऊन वर आली. तंबोरा पाण्यात उतरून मावशीशेजारी उभी राहिली. "कोट काढा आधी. हा कोटच तुम्हाला बुडवेल."

"कोट राहू दे."

"का?"

मावशीनं खाली बघितलं. हळूच म्हणाली, "बघतील सगळ्या."

काठावरून गुंडाळीचा आवाज आला. एरवी तोंडातून शब्द न फुटणारी पोरगी, पण आवाज हुबेहूब मावशीचा काढला होता. "कोण बघतंय तुम्हाला? इथं प्रत्येकीला आपलंच झाकायची घाई. व्हा पुढं!"

वेलांटीला हसता हसता ठसका लागला.

"खोटं आहे ते," बगळी नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली. "बघतो की आम्ही. पहिल्या दिवशी मी ह्या तंबोऱ्याला चांगलं वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी विसरले. कितीदा बघणार? काढा तो कोट."

मावशीनं बटणं सोडली. तंबोऱ्यानं कोट ओढून काठावर टाकला, तो थपकन पडला. मावशी डोळे मिटून उभी राहिली. आता नाव पडणार. आत्ता पडणार.

"थांबा थांबा," तंबोरा म्हणाली. "ही फुलं ओळखीची आहेत. अहो, हा माझा कॉस्च्युम! गेल्या वर्षी हरवला म्हणून मी घरच्यांच्या नावानं शंख केला होता!"

"घ्या परत. काढून देते," मावशी डोळे न उघडताच म्हणाली.

"आता इथं नका काढू! असू दे. मला खाली काचायचा, तुम्हाला शोभतोय."

एवढंच. त्यापुढं कुणी काही बोललंच नाही. बोलायला होतंच काय? बगळीनं एक दंड धरला, तंबोऱ्यानं दुसरा. पहाऱ्यावरची मुलगी काठाकाठानं चालू लागली. थोरला आपोआप सुटला होता, केव्हा ते मावशीला कळलंही नाही. पाणी छातीला आलं. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल. आणि मावशी थबकली.

"काय झालं? दुखतंय का?"

"दुखत नाही," मावशी म्हणाली. तिचा आवाज घाबरा झाला होता. "गुडघे गेले कुठं?"

ती वाकून चाचपायला लागली. होते जागेवरच. पण थोरला गप्प, धाकटाही गप्प. इतक्या वर्षांत जागेपणी ते दोघं एकदमच गप्प बसले, असं तिला आठवत नव्हतं. जे पोट ती दिवसभर ओझ्यासारखं वागवायची, ते पाण्यानं खालून अलगद उचलून धरलं होतं. दंड आपोआप तरंगत होते. पाठीतली कुठलीशी गाठ सुटली आणि मावशीच्या तोंडून असा लांबलचक 'हुश्श' निघाला की वेलांटी म्हणाली, "बाई, तलाव रिकामा कराल." मावशी हसायला लागली, हसताना पाणी नाकात गेलं, आणि चुरचुरलं. तेवढं मात्र ती खरं बोलत आली होती.

दोन खेपा झाल्यावर तिनं विचारलंच. "कठडा म्हणजे मीच ना?"

"मग दुसरं कोण?" बगळी म्हणाली. "हा स्टीलचा गार असतो, शिवाय हलतो. पायरीवर घसरायला झालं की आम्ही सगळ्या तुमचाच दंड धरतो. तुमच्या कधी लक्षात नाही आलं?"

"मला वाटलं, हत्तीण वगैरे म्हणत असाल."

"तेही म्हणून बघितलं होतं," तंबोरा प्रामाणिकपणे म्हणाली. "टिकलं नाही."

बाहेर येताना पायरीपायरीला भार परत अंगावर चढला. पोट, मांड्या, दंड, सगळी मंडळी आपापल्या जागी हजर झाली. मावशी शॉवरखाली बाकीच्या बायकांबरोबरच उभी राहिली आणि भरपूर उजेडात मांडी चोळताना आपल्याच गुडघ्याकडं बघत म्हणाली, "काय थोरले, बरं वाटलं ना?" अरेतुरे तिच्या बोलण्यातून आपोआप गळून पडलं होतं.

मॅनेजरकडून परवानगी काढायचं काम बगळीनं अंगावर घेतलं. शिक्षिकेच्या आवाजात ती अशी काही बोलली की त्यानं मान डोलावण्यापलीकडं काही केलं नाही. मावशी बायकांच्या वेळेतली सुरुवातीची घटका पाण्यात चालू लागली, तेवढ्यापुरती गुंडाळी स्टूल सांभाळायची, टॉवेल खांद्यावर टाकून. घरी मावशीनं ताटापुढं बैठक मारायला सुरुवात केली. सूनबाई पहिल्या दिवशी घाबरून "बरं नाही का?" म्हणून मावशीच्या कपाळाला हात लावून गेली. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी गुडघे दाबले, वळवले आणि म्हणाल्या, "चिरफाडीची काही घाई नाही. हेच चालू ठेवा." मावशीचा जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला आरसा खाली घ्यायला सांगितलं. "खिळा जरा खाली ठोका. टिकली लावायला मान वर करावी लागते," एवढंच कारण दिलं, आणि त्यानंही जास्त विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडल्यावर मावशीनं आधी एक किल्ली काढली आणि तिचा रबरी फासा स्वतःच्या मनगटात अडकवला. दारात तंबोरा उभी होती.

"कुणाची हो ही?"

"माझी," मावशी म्हणाली. "तुझी घे आणि हो पुढं. वाट अडवून नुसती बघत काय उभी राहिलीस?"