चिकाचा तांब्या

गाय व्यायली आणि सकाळीच शेजारच्या सखूवहिनींचा रिकामा तांब्या आमच्या कट्ट्यावर आला. खरवसाला पहिला चीक शेजाऱ्यांनी न्यायचा, ही आमच्या गल्लीची रीत. मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही. पण यंदा झालेली कालवड अशक्त आहे, उभी राहत नाही.

सून म्हणाली, "मामा, आधी तिचं पोट."

मी तिच्यावरच खेकसलो. तेव्हापासून गोठा ते कट्टा येरझाऱ्या घालत होतो. गल्लीचा मान आणि वासराचं पोट एकाच कासेतून कसं भागवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. शेवटी तांब्यात ताक भरलं आणि स्वतः नेऊन दिलं.

वहिनींनी तांब्यात डोकावून पाहिलं. "भाऊजी, चीक आटला का?"

"नाही. ज्याचा आहे ते वासरू अजून उठलं नाही. उठलं की विचारतो त्याला."