टेबलाची नाडी

चौथीच्या मुलांच्या मनगटांवर मी स्वतःचीच नाडी मोजली, आणि तीही पाहुण्यांसमोर.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. त्या दिवशी आसपासच्या शाळांतले शिक्षक जमले होते आणि मला नमुना पाठ द्यायचा होता. म्हणजे मी शिकवायचं आणि बाकीच्या शिक्षकांनी मागे बसून बघायचं. विषय होता हृदय. पाठ पसंत पडला तर विस्तार अधिकारी साहेब विज्ञान पेटी आमच्या शाळेला देणार होते. पेटी एकच आली होती, आणि शाळा पुष्कळ. आत भिंग, लोहचुंबक आणि सांगाड्याचा तक्ता. मुलांनी कपाटावरची तिची जागा आधीच पुसून ठेवली होती.

तयारीत मी कसर ठेवली नव्हती. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका सिंधी दुकानदाराकडून रबरी नळी आणि रॉकेल ओतायचं फनेल आणलं. "डॉक्टर हो क्या साईं?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो नाही. नळीला फनेल खोचलं की झाला स्टेथोस्कोप. फनेल छातीवर, नळीचं टोक कानाला. ठोके झकास ऐकू येतात.

हे काम जनीकडे होतं. जनी डोंगरावरच्या ठाकूरवाडीतली, बोलायला कमी. ती ठोके ऐकणार, मी घड्याळ लावून मनगटावरची नाडी मोजणार. मी अंगठा ठेवला. पहिला मुलगा बहात्तर. दुसरा बहात्तर. तिसरी मुलगीही तेवढीच. "बघा, आमची मुलं कशी एकसारखी ठणठणीत," मी पाहुण्यांना सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. मग मुलांना मैदानाला एक फेरी मारून यायला पिटाळलं. पळाल्यावर नाडी वाढते, हेच तर दाखवायचं होतं.

मुलं धापा टाकत आली. मी अंगठा ठेवला. बहात्तर.

दुसऱ्याचं मनगट धरलं. तेच. मागे कुणीतरी खोकलं. जनीने कानातली नळी काढली.

"गुरुजी, याचं काळीज धडाधडा उडतंय. तुमचं मोजणं चुकतंय."

"नीट ऐक, जने."

"ऐकलं. पळलो आमी. तुमी तं खुर्चीवं बसलेले."

मी हसून वेळ मारून नेणार होतो. टेबलावर हात टेकला, तर अंगठ्याखाली टेबल ठक ठक करत होतं. तेव्हा ट्यूब पेटली. अंगठ्याची स्वतःची नाडी चांगली जोरात चालते. म्हणून डॉक्टर नाडी पाहताना बोटं ठेवतात, अंगठा नाही. मी आतापर्यंत माझीच मोजत होतो.

कपाटावरची पुसलेली जागा आता रिकामीच राहणार, हे मला दिसलं. पण मुलं माझ्याकडेच बघत होती. म्हणालो, "जनी बरोबर सांगतेय. माझं चुकलं. सगळ्यांनी बाकावर अंगठा दाबा."

मुलांनी दाबला. मागे शिक्षकांनीही दाबला, आणि साहेबांनी खुर्चीच्या दांड्यावर. दोन-तीन पोरं ओरडली, बाक जिवंत आहे म्हणून. मग बोटांनी पुन्हा मोजलं, आणि नाडी पार शंभराच्या वर.

साहेब उठले. "पाठ पडला, गुरुजी," ते म्हणाले. माझं तोंड उतरलं. "वर्ग मात्र चालला. पेटी इथेच राहू द्या."

मोजमाप पटलं नाही तर आधी मोजणाऱ्याचा हात तपासावा, हे मी पुढे नोकरीभर पाळलं. त्या पोरीचे उपकार. ती गप्प बसली असती, तर मी आणखी कितीतरी वर्गांना माझीच तब्येत शिकवली असती.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, पेटीची किल्ली मागायला गेलो. त्यांनी हजेरीतून मान वर केली नाही.

"किल्ली जनीकडे दिलीय. आणि ती असल्याशिवाय तुम्ही पेटीला हात लावायचा नाही."