साडेपाच तास मागे

ते आले की आधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटायचे. घरातल्या आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात. मग म्हणायचे, "जीव हाय बाई. घाई न्हाय."

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. टेमघरच्या आमच्या गल्लीत ते कॉम्प्युटर दुरुस्त करायचे; सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्याआधी कित्येक वर्षं ते लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, दुरुस्त करत होते. यायचे शुक्रवारीच. त्या दिवशी लूमना सुट्टी, खडखड बंद. एवढी शांतता पसरते की आपण भिवंडीत आहोत की स्वप्नात, हेच कळत नाही. "आज मशीनचं बोलनं ऐकू येतं," ते म्हणायचे.

माझा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. शाळेची ऑनलाइन कामं त्यावर होईनात. भाचा म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मार." म्हणजे त्यातलं सगळं पुसायचं. आई लग्नांत धवले म्हणायची. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ. जायच्या आधीच्या वर्षी मी तिला समोर बसवून सगळी गाणी त्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. रेकॉर्डिंगचा तो प्रोग्राम फक्त जुन्या सिस्टिमवरच उघडायचा.

दादांना सांगितलं. ते हसले. "लूमवर उभ्या धाग्यांचा ताणा संपला की जुना उपटून टाकत न्हाय बाई. त्याच्याच टोकांना नव्याचा एकेक धागा बांधायचा." आणि त्यांनी जुनी सिस्टिम तशीच ठेवून शेजारी नवी बसवली. एका घरात दोन चुली. कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन ओळी यायच्या, कुठे जायचं ते विचारायच्या. शाळेचं काम असलं की वरची ओळ, आईची आठवण आली की खालची.

मग मी माती खाल्ली. नव्या सिस्टिमने इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं आणि मी न वाचता 'हो' दाबलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळी दिसेचनात. कॉम्प्युटर थेट नव्यातच उघडायला लागला. आठवड्यावर वळ गावात भाचीची हळद होती. आईचे धवले तिथे लावायचे असं मीच मोठ्या तोंडाने कबूल करून बसले होते. गावात ते पूर्ण येणारं आता कोणी उरलं नव्हतं.

शुक्रवारी दादा आले. डब्यावर हात, डोळे बंद. या वेळी त्यांनी हात लवकर उचललाच नाही. मला तर रडूच फुटलं.

"रडू नका. घर जागेवर हाय, दारावरची पाटी पडलीय."

त्यांच्याकडे एक वही होती. कॉम्प्युटरला कुठली आज्ञा कशी लिहायची ते तीत इंग्रजी अक्षरांत उतरवलेलं, नक्षी काढल्यासारखं. एका बोटाने टाइप करायचे आणि पुढे जाण्याआधी पडद्यावर बोट ठेवून अक्षरं मोजायचे. एक धागा चुकला तर चूक अख्ख्या कापडात धावते, ही जुनी सवय. तरी पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा वही डोळ्यांजवळ धरून ते स्वतःशीच हसले. "धागे मोजायची सवय ना. मधली मोकळी जागा मोजलीच न्हाय."

आणि दोन ओळी परत आल्या.

मी खालची निवडली आणि हळदीचं गाणं लावलं. आईचा आवाज खोलीत भरला. दादांनी हातातला चहा खाली ठेवला. गाणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"माज्या हळदीला ह्याच आल्या होत्या," ते म्हणाले. "आमच्या आईनं बोलावलेलं."

चहा मी पुन्हा गरम करून दिला.

गाणी मांडवात लावता येतील अशी मला पेनड्राइव्हवर उतरवून देऊन ते निघणार, तेवढ्यात त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. भिंतीवर साडेचार वाजले होते, जुन्या सिस्टिममध्ये अकरा. "जुनी-नवी दोघी डब्यातलं एकच घड्याळ बघतात, पन हिशोब वेगळा करतात. म्हनून ही साडेपाच तास मागं. एका मिनिटात सरळ करतो."

"राहू दे दादा," मी म्हणाले. "आईकडे अजून सकाळच असू दे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वही मिटली. "ऱ्हाऊ दे मग. घाई न्हाय."

वळच्या मांडवात धवले वाजले. म्हाताऱ्या बायका आठवेल तेवढं बरोबर गात होत्या, अडल्या की आई पुढचं सांगत होती.

यंदा एका शुक्रवारी, साडेतीनला, त्यांच्या सुनेचा फोन आला. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुपारी एक वाजता गेले. मला त्यांची फार आठवण आली, इतकी की पायात चप्पल घालायचंही सुचेना. गल्ली शांत होती. मी कॉम्प्युटर सुरू केला, डब्यावर हात ठेवला आणि खालची ओळ निवडली.

तिथे सकाळचे दहा वाजले होते. आई हळदीचं गाणं म्हणायला लागली. दादांना जायला तिथे अजून तीन तास होते.