गूळ जरा जास्तच

मायाप्पा गवंडी रुद्रभूमीत शिरला की आधी समाध्यांची खबरबात घ्यायचा. "काय मंडळी, बरं हाय न्हवं?" असं म्हणूनच थापी बाहेर काढायची. लिंगायतांच्या या दफनभूमीतल्या जुन्या समाध्या चुन्यानं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. घर मूळचं सांगोल्याकडचं, मेंढपाळाचं. त्यामुळं दगडही त्याला मेंढरांसारखे एकेक वेगळे ओळखू यायचे.

या खेपेला काम होतं गुरुलिंगप्पांच्या समाधीचं. ऐंशीच्या जगदेवीअक्कांचे ते सासरे. पण अक्कांचा नातू बसवराज पडला टाइल्सचा दुकानदार. त्याच्या लेखी जगात दोनच वस्तू: टाइल बसवलेली आणि बसवायची राहिलेली.

"चुना कसला लावताय मामा? वरनं चकचकीत टाइल मारू की!"

"दगुड आत गुदमरतोय, मालक. ओल भाईर पडली न्हाय की खपल्या निघत्यात."

अक्कांनी निवाडा दिला. सोमवारी मामंजींचं पुण्यस्मरण. तोवर चुना धरला तर ठीक, नाहीतर टाइल.

समाधीवरची वेलबुट्टी मायाप्पाच्या उस्तादानं कोरलेली. ती टाइलखाली गाडली जाणार? चुना मळताना गुळाचं पाणी घालायची उस्तादाचीच रीत. मूठभर गूळ पुरे. मायाप्पानं धास्तीनं अर्धी ढेप विरघळवली. जादा गूळ, जादा पकड!

सोमवारी सकाळी बघतो तर समाधीवर मुंग्यांची जत्रा. तो फडक्यानं झटकतोय, तोच अक्का आणि बसवराज हजर.

"बघ आजी, तुझ्या चुन्याची कमाल!"

अक्का वाकून बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसतच सुटल्या. "डॉक्टरनं मामंजींचं गोड बंद केलं, तेव्हा गुळाचा डबा मीच लपवायची. जाईपर्यंत म्हणायचे, सूनबाई, एक खडा तरी दे की." त्यांनी समाधीवर हात ठेवला. "खावा आता मामंजी. पोटभर खावा."

डोळे पुसून त्यांनी नखानं चुना खरवडला. निघाला नाही.

"बसू, टाइल परत ने."

बसवराज फुगून सोबत आणलेली टाइलची खोकी उचलू लागला. अक्का मायाप्पाकडं वळल्या.

"माझ्या वेळेला मात्र गूळ नको हं. मला तिखट लागतं."

मायाप्पानं डोकं खाजवलं. "चुन्यात मिरची कदी घातली न्हाय, अक्का. तुमी थांबा की अजून धा-पंधरा वर्सं, करून बघतो."