ओळखू न येणारी गोधडी

ऑस्ट्रेलियाच्याही खाली, ओमारू नावाच्या छोट्या गावात मला सव्वीस वर्षं झाली. त्यातली बारा मी लोकांच्या वेबसाइट बनवण्यात घालवली आहेत. गटारं उपसणारा, कुत्र्यांचे केस कापणारी, दोन मोटेलं, एक अंत्यविधीवाले, सगळ्यांचं काम मी केलं. तरी रेविन टकेट एका गुरुवारी सकाळी चीज रोलचा डबा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "वाझ, मला वेबसाइट हवी आहे, मी एस्कॉर्ट आहे," तेव्हा माझ्या हातातला रोल बशीत पडला. माझं नाव वसुधा. पण या गावात नावाची शेपूट छाटल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही.

रोल गरम होता म्हणून पडला, असं मी तिला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही.

रेविन चोपन्न वर्षांची, उंच, भरलेल्या अंगाची. हसली की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागतो. आधी ती म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालण्याचं, जेवू घालण्याचं काम करायची. त्यात पाठ गेली. गेली सहा वर्षं ती पैसे घेऊन पुरुषांना आपला वेळ देते, आणि त्या वेळात दोघांना मान्य असेल ते होतं. मध्ये कोणी दलाल नाही, मालक नाही. इथल्या कायद्याला त्याचं वावडं नाही आणि ती करही भरते, त्यामुळे हे सगळं तिने हवापाण्याविषयी बोलावं तशा आवाजात सांगितलं. आवाज खाली आला तो एकाच वाक्याला. "मंगळवारच्या बायकांना कळता कामा नये."

मंगळवारच्या बायका म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये जमणारं गोधडीमंडळ. त्या त्याला क्विल्टिंग म्हणतात, मी गोधडीच म्हणते. एकोणीस वर्षांपूर्वी रेविनचा नवरा घरातलं सगळं उचलून ऑस्ट्रेलियाला निघून गेला. शिवणयंत्र जड होतं म्हणून तेवढं राहिलं. ते घेऊन ती मंगळवारी हॉलमध्ये गेली, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते तिला सुचेना. बायकांनी एक प्रश्न विचारला नाही. खिडकीजवळची खुर्ची दिली आणि तुकड्यांची एक पिशवी. ती खुर्ची अजून तिची आहे. "ती गेली तर मी या गावात राहणार नाही," ती म्हणाली आणि चौथा रोल घेतला.

तेव्हा ठरलं ते असं: कामाचं नाव ओडेट, चेहरा कुठेही दिसणार नाही, आणि जुन्या जाहिरातींमुळे दिवसभर फोनवर येणारा "काय करतेयस" वगैरे कचरा बंद झाला पाहिजे.

माझा पहिला आराखडा फसला. पांढरी फुलं, मंद मेणबत्ती, राखाडी अक्षरं. रेविनने पाहिला आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. अंत्यविधीवाल्यांचाच साचा मी नकळत तिला चढवला होता. "हे बघून माणूस पुष्पचक्र पाठवील," ती म्हणाली. मग तिने स्वतः लिहिलेला मजकूर काढला. तीन पानं, आणि तिन्ही पानांवर फक्त मनाई. पिऊन येऊ नये, आधी कळवल्याशिवाय येऊ नये, भाव करू नये, आईविषयी बोलू नये. मी म्हटलं, बाई, ही पोहण्याच्या तलावावरची पाटी झाली. ती चिडली. मीही चिडले. दुपारपर्यंत आम्ही चाळीस मनाया नवावर आणल्या. आईची तिने सोडली नाही.

वयावरूनही वाजलं. तिने पंचेचाळीस लिहिलं होतं. मी म्हटलं, येणाऱ्याला दारातच कळेल, आणि फसवलं गेलेलं गिऱ्हाईक तासभर कुढत बसेल. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला: चोपन्नच टाक, आणि खाली लिही की मला घाई आवडत नाही आणि मी चहा चांगला करते.

खरी करामत होती ती शेवटच्या पानावर. फोन नंबर कुठेच द्यायचा नाही. ज्याला यायचंय त्याने नाव, दिवस, वेळ आणि स्वतःविषयी दोन ओळी लिहून पाठवायच्या. ज्याला दोन ओळींचा कंटाळा, तो तिथेच गळाला. मोटेलवाल्यांसाठी मी माणसं आत कशी येतील ते बघते, इथे नको ती माणसं बाहेरच कशी राहतील ते बघायचं होतं, आणि मला या कामाची भलतीच गोडी लागली. एका सकाळी मी दात घासता घासता नियम क्रमांक सहाचा स्वल्पविराम बदलला.

फोटो मीच काढले. तोंड खिडकीकडे, खांद्यावरचा तीळ शालीखाली. खिडकीतून ओळखीची टेकडी दिसत होती म्हणून पडदा ओढला. फोन फोटोच्या पोटात जागेचा पत्ता लपवून ठेवतो, तोही पुसला. एवढी हुशारी केली, आणि तरी फोटो इस्पितळातले वाटत होते. पांढरी चादर, पांढरी भिंत. "काहीतरी उबदार टाक की अंथरुणावर," मी म्हटलं. रेविनने कपाटातून एक गोधडी काढली आणि पसरली. निळ्यातून पिवळ्यात जाणारे हजारभर तिरके तुकडे. खोलीच उजळली. मी धडाधड फोटो काढले. शेवटी वेबसाइटच्या तळाशी, प्रत्येक कामात टाकते तशी, बारीक अक्षरांत ओळ टाकली, 'रचना: वसुधा'.

सहा आठवडे आम्ही हवेत होतो. कचरा थांबला. माणसं नीट लिहायला लागली. टिमारू गावच्या एका मेंढपाळाने दोन ओळींच्या जागी चौदा ओळी लिहिल्या, त्यातल्या बारा त्याच्या कुत्रीविषयी. रेविनने ते पत्र मला उभ्याने वाचून दाखवलं आणि मग माझ्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि टेबल यांच्यामधल्या अडीच फुटांत, मला धरून नाचली. आठवड्यात तीन दिवस काम, बाकी शिवण. अशी वेबसाइट गावात दुसरी नाही, असं मी स्वतःशी म्हणत होते, आणि ते खरंही होतं.

मग एका शुक्रवारी सकाळी डल्सी मॅकनीश माझ्या दारात उभ्या राहिल्या. गोधडीमंडळाच्या अध्यक्ष, वय एक्क्याऐंशी, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. आत येऊन त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर आमचा फोटो होता, रंगीत, वाचनालयात छापलेला.

"ही रेविनची 'दक्षिणेचा वारा'," त्या म्हणाल्या.

इथे गोधड्यांना नावं असतात. दोन वर्षांपूर्वीच्या कृषी प्रदर्शनात या गोधडीला पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि गावच्या पेपरात अर्ध्या पानाचा फोटो आला होता. मी स्वतः त्या गोधडीसमोर उभी राहून सॉसेज खाल्लं होतं. तीळ झाकला, टेकडी झाकली, आणि अख्ख्या जिल्ह्याला पाठ असलेली गोधडी अंथरून ठेवली.

डल्सीबाई काही वावगं शोधायला गेल्या नव्हत्या. कधीतरी उत्तरेतल्या एका दुकानाने मंडळातल्या कोणाची नक्षी चोरून विकली होती. तेव्हापासून त्या दर महिन्याला बक्षीसपात्र गोधड्यांचे फोटो संगणकात घालून, तसंच चित्र जगात आणखी कुठे निघतं का ते तपासतात. या महिन्यात निघालं. नंतर त्यांनी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे तुझं नाव."

मी कागद पालथा घातला.

"मंडळातल्या नोलीनला दाखवला," त्या म्हणाल्या. "तिने ही वेबसाइट आधीच पाहिली होती, गोधडीही ओळखली होती. कशी, ते मी विचारलं नाही."

मी विचारलं, आता तुम्ही काय करणार. त्या म्हणाल्या, ते मंगळवारी. हा फोटो आज काढून टाक आणि रेविनला म्हणावं ये. मग चहा तळापर्यंत प्याल्या आणि गेल्या. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. त्या बाई भूकंपातही चहा संपवतील.

मी फोटो काढला आणि रेविनकडे गेले. सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. ती हसली नाही, चिडलीही नाही. "गोधडी मीच काढली ना कपाटातून," ती म्हणाली. "मिरवायची खाज." मग म्हणाली, "वेबसाइट बंद कर. काम दुसरं मिळेल, त्या बायका मिळणार नाहीत." मला तिच्याकडे बघवेना. मंगळवारपर्यंत थांब, एवढंच मी म्हणू शकले.

मंगळवारी ती मला बरोबर घेऊन गेली. हॉलमध्ये दहाजणी बसलेल्या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, पण रेविन दारातच उभी राहिली. यंत्रं बंद. डल्सीबाई उभ्या राहिल्या आणि तो कागद त्यांनी सगळ्यांसमोर धरला.

"या फोटोत गोधडीचे दोन कोपरे कापलेत, हे पहिलं," त्या म्हणाल्या. "दुसरं, आपल्यातल्या एकीला कामासाठी अशी गोधडी हवी आहे जी कोणालाही ओळखू येणार नाही. तशी एकही आपल्यापैकी कोणाच्या घरात नाही, कारण आपण सगळ्या मिरवणाऱ्या. तेव्हा या हिवाळ्यात ती करू. कोणाला काही म्हणायचं असेल तर आत्ता. नंतर कपबश्या धुताना कुजबुज चालणार नाही."

रेविनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना मुंग्या आल्या. मग नोलीनने हात वर केला.

"रंग कोणता?" तिने विचारलं.

त्यावर जो गोंधळ उडाला तो तासभर थांबला नाही. करडा की मातकट, यावरून दोघी मैत्रिणी एकमेकींचं शिक्षण काढायला लागल्या. रेविन केव्हा खुर्चीत जाऊन बसली आणि केव्हा रडायला लागली ते कोणाला कळलंही नाही, आणि कळलं तेव्हा तिच्या हातात रुमालाऐवजी नमुन्याचं कापड कोंबलं गेलं. शेवटी ओटच्या लापशीचा रंग ठरला.

सुंदर कसं शिवायचं ते या बायकांना झोपेतही येतं. कोणाचंच नसल्यासारखं कसं शिवायचं ते मात्र काही केल्या येईना. नोलीनने कोपऱ्यात नखाएवढी मधमाशी काढली. डल्सीबाई भिंग घेऊन फिरायच्या. "हा टाका तुझा आहे, लांबून कळतो. उसव." हिवाळाभर त्या हॉलमध्ये उसवण्याचाच आवाज. एक चौकोन मलाही दिला होता. मी आईने शिकवलेला साधा धावदोरा घातला. डल्सीबाईंनी भिंगसुद्धा काढलं नाही. "उत्तम. हे कोणीच केलेलं वाटत नाही," त्या म्हणाल्या. मी आठवडाभर फुगून बसले.

इथे प्रत्येक गोधडीच्या पाठीला एक कापडी चिठ्ठी असते, तिच्यावर करणारीचं नाव. चिठ्ठी नसलेली गोधडी हे मंडळ अनाथ समजतं. या गोधडीला चिठ्ठी नसेल, असं डल्सीबाईंनी जाहीर केलं तेव्हा दोघीतिघींना खरंच वाईट वाटलं.

सप्टेंबरात, इथला हिवाळा संपता संपता, गोधडी तयार झाली. मी कॅमेरा घेऊन रेविनकडे गेले. कामाच्या खोलीत अंथरुणावर दुकानातलं एक राखाडी ब्लँकेट होतं. मी म्हटलं, अगं गोधडी कुठे आहे. ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिच्या स्वतःच्या पलंगावर गोधडी पसरलेली होती. तिने एक कोपरा उलटा केला. तिथे चिठ्ठी होती. डल्सीबाईंच्या फळ्यावरच्या अक्षरांत, धाग्याने भरलेली बारा नावं. दहा त्यांची. शेवटचं वसुधा, पूर्ण, शेपटीसकट. आणि मधोमध रेविन टकेट.

मी कॅमेरा बाजूला ठेवून ती नावं एकेक वाचली.

"हिच्यावर गिऱ्हाईक बसवू?" रेविन म्हणाली. "डोकं फिरलंय का तुझं?"

फोटो आम्ही राखाडी ब्लँकेटवर काढले. ठीक आले. पुढच्या मंगळवारी डल्सीबाईंनी विचारलं, फोटो कसा झाला.

"छान झाला," रेविन म्हणाली. "गोधडी अजिबात ओळखू येत नाही."

डल्सीबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी ओढली.