वेगळ्या डब्यातली सुई

"उतरव धोतर."

कंपाउंडरनं मले दवाखान्याच्या पायरीखालीच सांगितलं. समोर सगळी रांग. त्यात बायाही होत्या, भाजीची टोपली बाजूले ठेवून बसलेल्या माळ्याच्या बाया. आत पडदा होता, पडद्यामागं टेबल होतं. मी त्या पडद्याकडं पाहिलं.

तो म्हणाला, "तिकडं काय पायतं बे? तुले लाजाले राह्यलं काय?"

रांग हसली. बायांनी पदर तोंडाले लावला, पण त्याही हसल्या. मी धोतर खाली केलं. पलटणीचा शिपाई मी, गोळ्या झेललेला. भर उन्हात, पन्नास डोळ्यांसमोर, भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. त्यानं सुई खुपसली अन् मी दात आवळले. सुईसाठी नाही आवळले.

माह्या अंगाचं काय झालं हे अख्ख्या तालुक्याले माहीत होतं. लढाईच्या दिवसांत महारांची भरती चालू झाली तवा मी गेलो. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर सुरुंग फुटला. पाय वाचले. मांड्यांमधलं गेलं. इस्पितळात शुद्ध आली, हातानं चाचपलं अन् समजलो. मग बसल्या जागी अंगातून जाळ निघे, घामानं भिजून जाई. दाढी विरळ झाली. दंडातला जोर असा गेला की पाण्याची बादली दोन हातांनी उचलावी लागे. काहीच कारण नसताना रडू येई. बायको धामणगावले माहेरी गेली ते गेलीच. तिचं मी वाईट वाटून घेत नाही. खोटं बोललो. घेतो.

इस्पितळात एक मद्रासी कॅप्टन डॉक्टर होता. त्यानं मले खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर, हे सांगाले पाहिजे. म्हणाला, "तेरा शरीर जो बनाता था, अब नहीं बनाएगा. बाहर से देना पड़ेगा." तेलातलं औषध होतं ते, काचेच्या कुपीत. आठवड्यात दोनदा. ढुंगणाच्या वरच्या, बाहेरच्या भागात, खोल मांसात. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. नसेत जाऊ द्यायचं नाही. टोचल्यावर दट्ट्या जरा मागं ओढायचा, रक्त दिसलं तर सुई काढून घ्यायची. पाय सुजले, दम लागला, तर लपवायचं नाही, डॉक्टरले दाखवायचं. मी हसत विचारलं, साहेब, दुप्पट घेतलं तर? त्याले राग आला. "ज्यादा लेने से ज्यादा मर्द नहीं बनेगा." मग माह्या तोंडासमोर बोट धरलं. "तू इस दवा से नहीं मरेगा. गंदी सुई से मरेगा. उबाले बिना मत लेना."

महिनाभरात अंगात जीव आला. बादली एका हातानं उचलली तवा मी तिथंच खाली बसून रडलो, पण ते रडणं निराळं होतं.

घरी पाठवलं तवा लष्कराचा हुकूम झाला: औषध तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पार्सलनं येईल, तिथंच टोचून घ्यायचं. गावाचं नाव सांगत नाही. अकोल्याहून अकोटले जा, तसे दवाखाने वाटेत लागत जातात.

त्या दवाखान्यात आतल्या खोलीत स्टोव्ह होता. त्यावर जर्मनचा गंज, मोठं पातेलं, त्यात पाणी खदखदे, अन् पाण्यात सुया अन् काचेच्या पिचकाऱ्या. त्या गावाच्या. आमच्या वस्तीची पिचकारी निराळी. ती ओसरीतल्या कोनाड्यात, तंबाखूच्या रिकाम्या टिनाच्या डब्यात. तिले एकच सुई. ती गंजात जात नसे. काहून? तर गंज बाटते. आमच्या अंगात गेलेली सुई त्या पाण्यात पडली तर गावातलं कोणी त्या पाण्यातली सुई टोचून घेणार नाही. म्हणून कंपाउंडर ती फडक्यानं पुसे. आठवण राहिली तर फडक्यावर स्पिरिटचे दोन थेंब. वस्तीत कोणाले ताप, कोणाले गरमीचा रोग, कोणाले अंगभर फोड. सगळ्यांची सुई एक.

मी पहिल्याच वेळी म्हटलं, "साहेब, उकळून घ्या." कंपाउंडर म्हणाला, "घे नाहीतर चालता हो. पार्सल परत पाठवतो." मी घेतलं. बादली आठवली अन् घेतलं. पुढं घेतच राहिलो.

गावात त्या औषधाची चर्चा फार. पाटलाच्या पुतण्यानं एक दिवस मले आंब्याच्या झाडाखाली गाठलं. "एक बाटली मले दे बे. जोर येते म्हनतात." म्हटलं, मालक, ज्याचं धडधाकट आहे त्यानं हे घेतलं तर त्याचं सोताचंच आटते, कॅप्टन डॉक्टर सांगे. त्याले वाटलं मी थट्टा करून राहिलो. त्यानं कानाखाली अशी ओढली की माही टोपी बांधाच्या पलीकडं गेली.

मग उजवीकडं गाठ आली. लिंबाएवढी, मग कवठाएवढी. बसता येईना. रात्री ताप भरे. मी काही बोललो नाही, कारण घरात माही बहीण भागी बाळंत झाली होती. आईबाप नाहीत, म्हणून माह्या घरी आली होती. तिलेही ताप चढला. बाळंतिणीचा ताप. भागी डोळे फिरवू लागली तवा तिचा हात माह्या खांद्यावर टाकून तिले दवाखान्यात नेलं. पायरीखाली धुळीत बसवलं.

औषधाचा माहाच दिवस होता. कंपाउंडर म्हणाला, "आधी तुहं उरकू." म्हटलं, उजवीकडं गळू आहे, डावीकडं द्या. त्यानं ऐकलं की नाही माहीत नाही. त्यानं गाठीतच खुपसली. मी ओरडलो. सुई बाहेर आली अन् तिच्यामागं पिवळा पू आला, मांडीवरून खाली, धोतरावर. वास सुटला. रांगेतल्यांनी नाक धरलं.

त्यानं ती सुई फडक्यानं पुसली. तापाच्या औषधाची कुपी फोडली. पिचकारी भरली. अन् भागीचा दंड धरला.

माहा पू तिच्या रक्तात चालला होता. माह्या डोळ्यांसमोर. ती पोरगी त्याच्याकडं असं पाहत होती की जसा देव पाणी पाजाले आला.

मी त्याचं मनगट धरलं अन् पिरगाळलं. कट्ट आवाज आला. तो खाली बसला. पिचकारी माह्या हातात होती. मी पायरी चढलो. उंबरा ओलांडला. आतमध्ये डॉक्टर लिहीत होता, तो उठला अन् "ए, ए" करत राहिला. मी स्टोव्हपाशी गेलो अन् ती पिचकारी, ती सुई, माहा हात, सगळं त्या खदखदत्या गंजात घातलं. मनगटापर्यंत. कातडी लगेच पांढरी पडली. हात काढला नाही. काढला असता तर ते म्हणाले असते, चुकून पडली.

"बाटला. गंज बाटला," कंपाउंडर बाहेरून बोंबलला.

मी डॉक्टरले म्हटलं, "उकळत्या पाण्यात काय बाटते, साहेब? तुमी तर शिकलेले."

डॉक्टर खाली पाहून बोलला, "मला समजतं रे. पण मग गाव येणार नाही."

त्याले समजत होतं. तो येडा असता तर मी सोडून दिलं असतं.

मग रांग आत आली. पाटलाचा पुतण्या पुढं. काठी पाठीवर, काठी डोक्यावर. पाडलं. पुतण्यानं बूट त्याच गळवावर ठेवून दाबला. गळू फुटलं. फोड आलेला हात टाचेखाली घेतला. पलटणीत मी सायबाच्या हुकमानं माणसं मारली होती, ज्यांनी मले जन्मात कधी अरे म्हटलं नव्हतं. ते आठवलं अन् माह्यात काहीतरी सरकलं. मी त्याचा पाय धरला. सोडवाले नाही, ओढाले. त्याले पाडून त्याच्या छातीवर बसलो अन् भाजलेल्या हातानं त्याच्या तोंडावर मारत राहिलो. त्याचे दात माह्या हाताले लागले. दुखलं. बरं वाटलं. हे मी लपवत नाही. मग मागून कोणीतरी डोक्यात घातली अन् पुढचं मले आठवत नाही.

वस्तीनं आमा दोघाले बैलगाडीत घालून अकोल्याले नेलं. तिथं मोठ्या दवाखान्यात नर्सनं आधी सुई उकळत टाकली अन् मग नाव विचारलं. भागी वाचली. माह्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडीच राहिली.

परत आलो तवा डॉक्टर सांजच्या पारी सोता वस्तीच्या तोंडाशी आला. आत आला नाही. कडुलिंबाखाली उभा राहून मले बोलावलं. म्हणाला, "प्रकरण मिटवू. तू अंधार पडल्यावर मागच्या दारानं ये. तुझी सुई मी स्वतः उकळत जाईन. कुणाला कळणार नाही."

"अन् डबा?" म्हटलं.

"कसला डबा?"

"ओसरीतला. वस्तीचा."

तो म्हणाला, "तू स्वतःचं बघ. औषध बंद झालं तर तुझी हाडं ठिसूळ होतील. खाटेला लागशील. तुला कॅप्टननं सांगितलं असेल."

सांगितलं होतं. तवाच अंगातून जाळ निघून राहिला होता. घाम त्याच्यासमोर कपाळावरून गळत होता, अन् मले ते औषध भाकरीपेक्षा जास्त पाहिजे होतं. मागं वस्तीचे लोक उभे होते, भागी लेकरू घेऊन उभी होती. 

म्हटलं, "साहेब, मी पुढच्या दारानं येईन. दर खेपेले. ही सगळी वस्ती घेऊन. आमची सुई त्याच गंजात, आमच्यासमोर उकळली तर घेऊ. नाहीतर कोणीच घेणार नाही, मीही नाही. हाडं मोडू द्या. पण तो डबा आता आमच्यातल्या कोणाच्या अंगाजवळ आणला, तर कंपाउंडरचं नुसतं मनगट पिरगाळलं होतं. तुमचा हात मी खांद्यातून उपटीन."