होल्डरची बोटं

जर्मनीत, आखनला आमच्या बस थांब्यामागे एक मैदान आहे. एका संध्याकाळी कुंपणावरून एक लांबुळका चेंडू माझ्या पुढ्यात येऊन पडला. वाकून उचलायचा कंटाळा, म्हणून मी तो लाथेनेच परत पाठवला. तो थेट उंच खांबांमधून पलीकडे गेला. हा निव्वळ योगायोग होता, पण तसं तिथल्या संघाच्या कोचला कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच नाही. अशा रीतीने दिवसभर ऑफिसच्या खुर्चीला चिकटलेला मी पुणेकर एका हौशी अमेरिकन फुटबॉल संघाचा किकर झालो.

किकरचं काम म्हणजे लग्नात आंतरपाट धरणाऱ्याचं. बाकीचे घाम गाळतात, एकमेकांना आपटतात. आपण अगदी मोक्याच्या वेळी यायचं, क्षणभर सगळ्यांच्या नजरा झेलायच्या आणि बाजूला व्हायचं. खरा धीर लागतो तो होल्डरला. तो गुडघा टेकून चेंडू बोटाने उभा धरतो आणि माझ्यासारखा माणूस त्या बोटाच्या दिशेने लाथ उगारत येतो. आमचा होल्डर बेकरीत कामाला होता. त्याची बोटं म्हणजे त्याचं पोट.

पहिल्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही जेमतेम पुढे होतो. मी किक मारली. पाय आधी होल्डरच्या बोटांना लागला, मग चेंडूला. चेंडू समोरच्या एका धिप्पाड गड्याच्या छातीवर आपटला आणि त्यांच्यातल्याच दुसऱ्याने तो उचलून धूम ठोकली. अशा वेळी त्याला अडवणारा शेवटचा माणूस किकर असतो. हे मला कोचने घोकून घोकून शिकवलं होतं.

पण कुणाला पाय लागला की आपला हात आपोआप खाली जातो. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो. मी वाकलो, होल्डरच्या हाताला हात लावला, मग तो आपल्या छातीला लावला. तेवढ्यात तो चेंडूवाला माझ्या शेजारून निघून गेला. सामनाही त्याच्याबरोबर गेला.

“अरे, तो चेंडू घेऊन पळत होता आणि तू पाया पडत होतास?” मैदानाबाहेर उभ्या असलेल्या बायकोने विचारलं.

“पाया नाही. पाय लागला म्हणून नमस्कार केला.”

“मग त्या पळणाऱ्याला पण करायचास. तेवढ्यापुरता थांबला असता बिचारा.”

कोचला मी खरं ते सांगितलं, की माफी मागत होतो. तो म्हणाला, “मंगळवारी सरावाला तुझ्यासाठी चेंडू धरायला कुणी तयार झालं तर तू किकर. नाहीतर दुसरा शोधतो.”

मला झोप लागेना. ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण सगळे माझ्याशी इतक्या अदबीने वागायचे की मी पाहुणाच राहिलो होतो. इथे पहिल्यांदाच माणसं मला हक्काने शिव्या घालत होती. ते सुख सोडवेना.

मंगळवारी कोचने विचारलं, “कोण धरतंय?” सगळे आपापल्या बुटांच्या नाड्या तपासायला लागले. कडेला होल्डर बोटांना पट्टी बांधून बसला होता.

“कणीक मळता येत नाही,” तो मला म्हणाला. “म्हणून मला काउंटरवर उभं केलंय. दिवसभर लोकांशी गोड बोलावं लागतं. तुझ्यामुळे.”

तो कण्हत उठला आणि मैदानात जाऊन गुडघा टेकून बसला.

“आल्झो, चल तर मग, ये.”

“अरे, पण दुखतंय ना?”

“दुखतंय. याआधीच्या किकरांनीही लाथा मारल्यात. विचारपूस करणारा तूच पहिला.” त्याने चेंडू उभा केला. “पण सामना चालू असताना पुन्हा असा वाकलास तर मीच तुला आडवा करीन.”

मी धावलो. सगळं लक्ष त्या बोटांकडे. त्यांना धक्काही लागला नाही, पण चेंडू खांबांच्या कितीतरी बाहेरून गेला.

“होल्डर मिळाला,” कोचने सुस्कारा सोडला. “आता नेम शोध.”

होल्डर मात्र गुडघ्यावरून उठलाच नव्हता. त्याने पट्टी नसलेला हात पुढे करून दुसरा चेंडू मागितला.